अण्णांचा कॅमेरा आणि चांदबीबीचा महाल



आमच्या घरात एक वाक्य फार वर्षं चालत आलं. 'अण्णांना उजेड लागतो.' अण्णा म्हणजे माझे वडील. भिंगारला शाळेत चित्रकला शिकवायचे. खडूनं फळ्यावर हातानं गोल काढला तर कंपास लावून पाहावा इतका नेमका. पण कॅमेरा हातात घेतला की उन्हातले फोटो झकास यायचे आणि घरातले, संध्याकाळचे, गणपतीच्या आराशीचे हमखास धूसर. मग कोणी तरी म्हणायचंच, "अण्णांना उजेड लागतो." सगळे हसायचे. अण्णाही हसायचे.

हे हसणं १९७९ च्या मे महिन्यात थांबलं. ताईचं लग्न होतं, गोरज मुहूर्त. स्टुडिओचा फोटोग्राफर ठरवलेला होता, त्यानं फ्लॅश मारून अंतरपाट, सप्तपदी, जेवणाच्या पंगती, सगळं रीतसर टिपलं. पण मुहूर्ताच्या थोडं आधी आईनं ताईच्या मुंडावळ्या सारख्या केल्या आणि दोघी क्षणभर एकमेकींकडे बघत राहिल्या, तेव्हा तिथं फक्त अण्णा होते. त्यांनी फोटो घेतला. तो धूसर आला. दोघींचे चेहरे पाण्यातून पाहावेत तसे. पुढच्याच वर्षी आई गेली. ताईजवळ आईबरोबरचा लग्नातला फोटो तेवढा एकच, आणि त्यात आईचे डोळे दिसत नाहीत.

ताई एकदा रागाच्या भरात बोलून गेली, "एवढा एक फोटो तुम्हाला नीट काढता आला नाही, अण्णा!" अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी कॅमेरा जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळला आणि ट्रंकेत ठेवला. त्या वर्षात दोनदा चष्म्याचा नंबर तपासून आले. पुन्हा त्यांनी फोटो काढला नाही. १९९८ साली ते गेले.

आज मी बोलणार आहे तो या कॅमेऱ्याबद्दल. विषय यंत्राचा आहे, पण यंत्राच्या चुकीची शिक्षा माणसाला कशी होते, तेही त्यात आलंच.

कॅमेरा रशियन. नाव झोर्की-४. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात १९५६ पासून १९७३ पर्यंत हे मॉडेल बनलं. याचं मूळ घराणं जर्मन. लायका कंपनीनं १९३२ साली अंतर मोजण्याची सोय भिंगाला जोडलेला कॅमेरा काढला, त्यावरून रशियनांनी आधी फेड आणि मग झोर्की बनवले. १९४८ च्या जानेवारीत गांधीजींच्या अखेरच्या दिवसांतले फोटो आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकारानं काढले, तो अशाच जातीचा लायका वापरायचा. अण्णांनी आपला झोर्की १९७४ मध्ये भिंगारच्या छावणीतून बदली होऊन चाललेल्या एका फौजी गृहस्थाकडून जुना विकत घेतला होता. चामडी पेटी, पट्टा आणि पन्नास मिलिमीटरचं ज्युपिटर भिंग यांसकट.

या कॅमेऱ्यांना रेंजफाइंडर म्हणतात. आपण त्याला अंतरमापक म्हणू. तो कसा चालतो हे समजायला कॅमेरा लागत नाही, अंगठा पुरतो. आत्ता जिथं बसला असाल तिथं हात लांब करून अंगठा उभा धरा. एक डोळा मिटून त्याच्याकडे पाहा, मग दुसरा मिटून पाहा. अंगठा मागच्या भिंतीवर डावी-उजवीकडे उडी मारतो. अंगठा जवळ आणला की उडी मोठी, लांब नेला की लहान. म्हणजे उडी मोजता आली तर अंतर कळतं.

झोर्कीच्या कपाळावर दोन काचा आहेत, एक मोठी चौकोनी, एक लहान गोल. हे त्याचे दोन डोळे. त्यांच्यात अंतर जेमतेम चार सेंटीमीटर. डोळा लावून पाहिलं की मोठ्या खिडकीतलं दृश्य दिसतं आणि त्याच्या मधोमध एक फिकट ठिपका, त्यात लहान खिडकीतलं दृश्य मिसळलेलं. समोरचा माणूस त्या ठिपक्यात दोन-दोन दिसतो. भिंगाची कडी फिरवली की भिंग मागंपुढं सरकतं, त्याला टेकलेली आतली एक दांडी सरकते आणि ठिपक्यातली प्रतिमा आडवी हलू लागते. दोन नाकं एकावर एक आली, दोनाचा एक माणूस झाला, की फोकस बरोबर. बहुतेक रेंजफाइंडर कॅमेऱ्यांत हे काम आत बसवलेला एखादा चिमुकला आरसा किंवा लोलक करतो.

आमच्या नगरला या यंत्राचा थोरला भाऊ बघायला मिळतो. कागदोपत्री २०२४ पासून अहिल्यानगर, बोलण्यात अजून नगरच. इथं चिलखती दलाचं केंद्र आहे आणि १९९४ मध्ये सुरू झालेलं रणगाड्यांचं संग्रहालय आहे. तिथल्या पॅटन रणगाड्यापाशी जरा थांबा. १९६५ च्या युद्धात असल उत्तरला आपल्या सैन्यानं असे पॅटन मोठ्या संख्येनं निकामी केले आणि पकडले. एम-४७ जातीच्या पॅटनच्या बुरुजाला दोन्ही बाजूंनी कानासारखे उंचवटे असतात. ते अंतरमापकाचे दोन डोळे. झोर्कीत चार सेंटीमीटर, तिथं आख्ख्या बुरुजाची रुंदी. डोळे जितके लांब, तितकं दूरचं अंतर अचूक. त्याची पद्धत थोडी निराळी होती, तोफची दोन्ही डोळ्यांनी बघून खोलीचा अंदाज घ्यायचा. पण त्रिकोण तोच. तोफेचा गोळा असो की आईचा चेहरा, त्रिकोण चुकला की नेम मागं किंवा पुढं पडणार.

आता आमच्या गोष्टीकडे. मी नोकरीतून निवृत्त झालो आणि माळा आवरताना ती ट्रंक उघडली. फडक्यातून कॅमेरा निघाला, आणि एका बिस्किटाच्या डब्यातून निगेटिव्हच्या पट्ट्या. काळ्या-पांढऱ्या, बहुतेक ओर्वो फिल्मच्या. ताईच्या लग्नातली ती पट्टीही त्यात होती. मी खिडकीच्या उजेडात घड्याळजीचं भिंग लावून बघत बसलो. चेहरे धूसरच होते. पण दोघींच्या मागं, हात-दोन हातांवर, घराची भिंत होती आणि तिच्यावर अण्णांनीच गेरूनं लिहिलेलं 'शुभविवाह'. ती अक्षरं अशी कोरीव आली होती की ब्रशचा उचललेला फराटा दिसत होता.

मंडळी, माझ्या पोटात धस्स झालं. कारण हात हलला असता तर सगळंच हललं असतं, भिंतही आणि अक्षरंही. इथं हात हललेला नव्हताच. कॅमेरा अण्णांच्या हातात खांबासारखा स्थिर होता. फक्त तो आई आणि ताईकडे न बघता त्यांच्या मागच्या भिंतीकडे बघत होता.

मी मोजमाप घेतलं. टेपनं बरोबर तीन मीटरवर खुर्ची ठेवली, तिच्या पाठीवरच्या उभ्या दांडीवर दोन्ही प्रतिमा जुळवल्या आणि भिंगाच्या कडीवरचा आकडा वाचला. चार! कडी पार अनंताच्या खुणेपर्यंत, म्हणजे आडव्या आठाच्या आकड्यापर्यंत नेली, तर जुळून दिसला तो गल्लीतला विजेचा खांब. पावलांनी अंतर मोजलं, बारा मीटर. तीनला चार आणि बाराला अनंत. कॅमेरा माणसाला दर वेळी आहे त्यापेक्षा लांब समजत होता.

मग उन्हातले फोटो चांगले कसे? त्याचंही उत्तर आकड्यांत आहे. उन्हात भिंगाचं छिद्र बारीक ठेवतात, समजा अकराच्या आकड्यावर. तेव्हा या भिंगाचा फोकस चार मीटरवर असला, तरी अडीच-पावणेतीन मीटरपासून आठ मीटरपर्यंतचं सगळं स्पष्ट येतं. चूक झाकली जाते. संध्याकाळी उजेड कमी, छिद्र सताड उघडं, दोनच्या आकड्यावर. तेव्हा साडेतीन मीटरच्या जरा पुढून ते साधारण चार मीटर चाळीस सेंटीमीटरपर्यंत, एवढाच पट्टा स्पष्ट. तीन मीटरवर उभ्या आईला त्यात जागा नाही. भिंतीला मात्र आहे. अण्णांना उजेड लागत नव्हता, श्रोतेहो, उजेड कॅमेऱ्याला लागत होता, स्वतःची खोट झाकायला.

आता दुरुस्ती. असा कॅमेरा पुष्कळ घरांत पडून असेल, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट, घाईनं स्क्रू-ड्रायव्हर उचलायचा नाही. आधी खरा दोषी शोधायचा. झोर्कीत फिल्म गुंडाळायच्या गुंडीखाली एक छोटी कांडी असते, ती आपल्या डोळ्याच्या नंबराप्रमाणे व्ह्यूफाइंडर स्वच्छ करते. ती भलतीकडे सरकली तर सगळंच पुसट दिसतं आणि बिघाड नसताना माणूस बिघाड शोधत बसतो. आधी ती जागेवर आणा.

दुसरी गोष्ट, भिंग खरं बोलतं का ते बघायचं. झोर्कीचा तळ आणि पाठ मिळून एकच झाकण असतं, ते काढायचं. फिल्म जिथून सरकते त्या रुळांवर ट्रेसिंग पेपरचा तुकडा ताणून चिकटवायचा. शटर आधी चावी देऊन भरायचं, मगच वेगाची चकती 'बी'वर न्यायची. या कॅमेऱ्यात शटर न भरता चकती फिरवली तर आतलं यंत्र दुखावतं, हे विसरू नका. आमच्याकडे बटण दाबून धरायचं काम सौ.नं केलं आणि मी मागून भिंग लावून बघितलं. कागदावर उलटं, इवलंसं चित्र पडतं. कडी अनंतावर असताना दूरचं दृश्य तिथं कोरीव दिसलं, तर भिंग निर्दोष. आमचं निर्दोष निघालं. म्हणजे खोटं बोलत होता तो फक्त अंतरमापक.

तिसरी गोष्ट, अनंत कुठं शोधायचं? एवढ्या जवळ डोळे असलेल्या यंत्राला किलोमीटरपलीकडचं काहीही अनंतच. चंद्र चालतो, दूरचा मनोरा चालतो. पण नगरकरांना देवानं, किंवा म्हणा निजामशाहीनं, खास सोय करून ठेवली आहे. शाह डोंगरावरचा चांदबीबीचा महाल. नाव चांदबीबीचं, पण आहे ती निजामशाहीतला मंत्री सलाबतखान याची कबर. अष्टकोनी, तीन मजली, आणि उघड्या डोंगरमाथ्यावर एकटीच. आमच्या गच्चीवरून ती पूर्वेला दिसते, म्हणून सकाळी उपयोग नाही, ऊन डोळ्यांवर येतं. संध्याकाळी पाचच्या सुमाराला पश्चिमेचं ऊन तिच्यावर पडतं आणि कडा स्पष्ट होतात.

त्या संध्याकाळी कडी अनंतावर ठेवून पाहिलं, तर डोंगरावर दोन महाल! एक जरा बाजूला आणि केसभर वर. कडी पुढं सरकत नव्हती, महाल जवळ येत नव्हते. इतकी वर्षं आईपासून दूर राहिलेलं काही तरी पुढ्यात उभं आहे, असं वाटलं.

काम परातीत करायचं. परातीत पांढरा पंचा अंथरायचा, म्हणजे स्क्रू उडाला तरी हरवत नाही. हत्यार घड्याळजीचं, पात्याची जाडी स्क्रूच्या खाचेत नीट बसेल असं. सैल पातं खाच खातं. प्रतिमा वर-खाली असेल तर आधी ती नीट करायची. झोर्कीत लहान गोल खिडकीची बाहेरची कडी आटे उलगडून निघते. आत एक काच असते, एका बाजूला किंचित जाड, पाचरीसारखी. ती जराशी फिरवली की प्रतिमा वर-खाली होते, आणि थोडी आडवीही सरकते. म्हणूनच उभं आधी, आडवं नंतर. दोन्ही खिडक्यांच्या मध्ये पुढच्या बाजूला एक छोटा स्क्रू दिसतो, ते नुसतं झाकण आहे. ते काढलं की आत खरा स्क्रू. तो फिरवायचा किती? पूर्ण फेरा नको, अर्धाही नको. घड्याळाचा काटा पाच मिनिटं सरकेल एवढा, आणि लगेच डोळा लावायचा. उलटीकडे गेलं तर परत यायचं. पुन्हा उभं तपासायचं, पुन्हा आडवं. मला सव्वा तास लागला.

आणि मग ते झालं. डोंगरावरचे दोन महाल एकमेकांकडे सरकले, कमानी कमानींवर बसल्या आणि एकच महाल उरला. मी कॅमेरा खाली घेतला आणि थोडा वेळ नुसता डोंगर बघत बसलो.

अनंत जुळलं म्हणून संपलं नाही. खाली येऊन खुर्ची पुन्हा तीन मीटरवर ठेवली. कडीनं तीन सांगितलं. एक मीटरवर सुतळीची गुंडी टांगली, एक सांगितलं. लांबचं बरोबर आणि जवळचं चूक असं निघालं असतं तर भिंगाला टेकणाऱ्या दांडीचाच कोन बिघडलेला असता. तिथं आपण हात घालायचा नाही, जाणत्या कारागिराकडे न्यायचं. शेवटी स्क्रूच्या कडेला नेलपॉलिशचा टाचणीच्या टोकाएवढा थेंब लावला, म्हणजे धक्क्यानं तो हलत नाही.

एक सूचना कळकळीची. कॅमेरा कधी वरून उघडलात, तर आतल्या अर्ध्या पाऱ्याच्या काचेला फडकं लावू नका. तिचा मुलामा एका पुसण्यात निघून जातो आणि ठिपका कायमचा मावळतो. नुसती हवा मारा. याशिका इलेक्ट्रोसारख्या कॅमेऱ्यांत या स्क्रूपर्यंत पोचायला वरचं झाकणच काढावं लागतं. सवय नसेल तर तो मोह टाळा.

दिवाळीत ताई आली. ती आता अडुसष्ट वर्षांची आहे. मी तिच्यापुढं निगेटिव्ह ठेवली, भिंग दिलं आणि म्हटलं, "ताई, भिंत बघ." तिनं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग खुर्ची, तीन मीटर, चार मीटर, सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "मग अण्णांनी सांगितलं का नाही रे?" मी म्हटलं, "त्यांना तरी कुठं माहीत होतं? त्यांनाही वाटलं, आपलेच डोळे गेले."

ती काही बोलली नाही. त्या संध्याकाळी दिवेलागणीला मी तिचा आणि तिच्या नातीचा फोटो काढला, फ्लॅश न वापरता, छिद्र दोनवर. फिल्म पुण्याहून मागवली होती, धुवायलाही पुण्यालाच पाठवली. छत्तीसपैकी अकरा फोटो माझ्याच चुकीनं गेले, ते मी कॅमेऱ्यावर ढकलणार नाही. पण हा आला. नातीच्या पापण्या मोजाव्यात इतका स्पष्ट.

मी तो मोठा करून ताईला पाठवला. तिचा फोन आला. म्हणाली, "छान आलाय. पण मला तो जुना दे मोठा करून. आईचा आणि माझा."

"अगं, तो धूसर आहे," मी म्हटलं.

"असू दे. मागं अण्णांचं अक्षर आहे ना."

तो फोटो आता तिच्या घरी देवघराशेजारी आहे.

श्रोतेहो, तुमच्याही माळ्यावर एखादी ट्रंक असेल. तिच्यातला कॅमेरा एकदा बाहेर काढा. संध्याकाळी गच्चीवर जा, दूरचं काही तरी निवडा, कडी अनंतावर न्या आणि डोळा लावा. दोन दिसतात की एक, ते बघा. आणि जुने धूसर फोटो टाकून देण्याआधी त्यांतली मागची भिंत जरूर तपासा.

नमस्कार.